वाढत्या अंगाची गाडी

आमच्या घरात एकच कायदा होता. ज्याच्या अंगाला बसेल, त्याचं.

अप्पा शिंपी. आमच्या कुठल्यातरी खापरपणजोबांनी कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर बंगळूर गाठलं आणि परतीचा विचार कधी केलाच नाही. मराठी घरात राहिली, बाहेर कन्नड आलं, आणि दोन्ही भाषा एकाच पातेल्यात शिजायला लागल्या. अप्पांचं दुकान चिकपेटच्या एका बोळात होतं. माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक कपडा न्यायला कधी उगवायचंच नाही, असे कपडे वर्षभरात बरेच साठायचे. दसऱ्याच्या आधी अप्पा ते गाठोडं घरी आणून हॉलमध्ये सोडायचे. मग प्रत्येकानं एकेक कपडा चढवून बघायचा. बसला की तुमचा. रंग कुणाला आवडला, आधी हात कुणी लावला, रडलं कोण, याला काडीची किंमत नव्हती.

हा कायदा माझ्या थोरल्या भावाच्या सोयीसाठीच केला होता, असं माझं आजही ठाम मत आहे. अण्णाला सगळं बसायचं. तो अप्पांवर गेलाय, उंच आणि सरळसोट. मी आईवर गेले. आज चाळिशी उलटली तरी पाच फूट आणि वर एक बोट, आणि ते बोटसुद्धा मोजणारा मायाळू असेल तरच. घरात मला अजून सगळे ‘पुट्टी’ म्हणतात. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये चिमुरडी. मारतहळ्ळीच्या ऑफिसात माझ्या सहीशिवाय कुणाची रजा मंजूर होत नाही, पण घरच्या फाटकातून आत आले की मी पुट्टी.

अप्पांची दुसरी खोड म्हणजे माझे कपडे ते कायम वाढत्या अंगाचे शिवायचे. शाळेचा युनिफॉर्म आला की खाली चांगली चार बोटं दुमड, कमरेला शिवणीत कापड सोडलेलं, बाह्या पार बोटांपर्यंत. ‘पुढच्या वर्षी उसवून देतो,’ असं म्हणायचे. पुढचं वर्ष यायचं, माझी उंची मात्र यायची नाही. दुमड तशीच राहायची आणि तोवर कापड विटून जायचं. कॉलेजात गेले तरी तेच. लग्नासाठी मुलगे बघायला यायचे, तेव्हाच्या ब्लाउजातसुद्धा वाढायला जागा होती. मुलगे गेले, जागा राहिली. (मुलग्यांचं मला फारसं वाईट वाटलेलं नाही.)

एकदा मी चिडून म्हटलं होतं, ‘अप्पा, मी आता वाढणार नाही.’

‘सरी, सरी, बरं बाई,’ अप्पा खडू चालवत म्हणाले, ‘पण कापलेलं परत जोडता येत नाही.’

तर अशी मी इंदिरानगरच्या एका शोरूममध्ये गेले आणि मोटारसायकल घेऊन बाहेर आले. साडेसहाशे सीसी, वजन दोनशे किलोच्या वर, रंग काळपट हिरवा. का घेतली, असं लोक विचारतात. कॉलेजपासून स्कूटर चालवत होते आणि रिंग रोडवर प्रत्येक सिग्नलला माझ्या शेजारी अशी एखादी गाडी येऊन उभी राहायची. तिचा तो खोल, दमदार आवाज पोटात उतरायचा. मला तो आवाज माझ्या खालून यायला हवा होता. दुसरं कारण नाही. शोरूमच्या मुलानं गाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली, मी वर चढले, पाय खाली सोडले आणि अंगठ्याचं टोक जमिनीला जेमतेम लागलं. ‘मॅडम, सवय होईल,’ तो म्हणाला. गाडी विकणाऱ्याला सगळ्याची सवय होते.

गाडी घरी आणली ती शोरूमच्याच माणसानं. आईनं ओवाळलं आणि ओवाळता ओवाळताच म्हणाली, ‘नाकापेक्षा मोती जड.’

अण्णा त्या रविवारी सर्जापूर रोडवरच्या त्याच्या फ्लॅटमधून जेवायला आला. फाटकात गाडी दिसली आणि त्याचं जेवण राहिलं बाजूला. ‘बघू तरी’ म्हणत पाय टाकून बसला. दोन्ही टाचा जमिनीवर, गुडघे आरामात वाकलेले, हात हँडलवर असे की गाडी त्याच्याच मापानं शिवली असावी. एक फेरी मारून आला तेव्हा त्याच्या तोंडावर गाठोडं उघडायच्या वेळचं हसू होतं. मी ते हसू ओळखते. लहानपणी त्या हसण्यामागून माझा निळा कोट गेला, जांभळा बुशशर्ट गेला आणि एक मखमली जाकीट गेलं, ज्याचं दुःख मला अजून आहे.

‘अप्पा,’ तो म्हणाला, ‘कायदा काय आहे आपला?’

मला वाटलं अप्पा हसतील. अप्पांनी चष्मा पुसला.

‘अहो, माझ्या पगाराची गाडी आहे!’ मी ओरडले.

‘मी पूर्ण किंमत देतो की,’ अण्णा म्हणाला. ‘उगाच रस्त्यात पडशील, पुट्टी. तुझ्या काळजीनंच म्हणतो.’

त्याच्या काळजीचा रंग काळपट हिरवा होता.

अप्पांनी निकाल दिला. आयुधपूजेपर्यंत मुदत. आयुधपूजेला बंगळूरात घरोघरी हत्यारं आणि गाड्या पुजतात; आमच्याकडे शिलाई मशीन, कात्री, इस्त्री आणि दाराशी असेल ती गाडी. ‘तोवर तुझ्या दोन्ही टाचा टेकल्या तर गाडीला हार तुझ्या नावानं,’ अप्पा म्हणाले. ‘नाहीतर अण्णाच्या.’ मी आदळआपट केली, पण खरं सांगते, भांडले नाही. कारण बोचत होतं ते वेगळंच. आयुष्यात एकदा तरी मला बसलेली वस्तू या घरात माझी म्हणून राहायला हवी होती, आणि तीही याच कायद्यानं. कायदा मोडून मिळाली असती तर ती अण्णानं मला सोडलेली गाडी झाली असती.

मग गाडीची शिवणउसवण सुरू झाली.

जे.सी. रोडच्या एका गॅरेजवाल्यानं मागच्या स्प्रिंगखालच्या पट्ट्या बदलून लांब पट्ट्या घातल्या, त्यानं मागची बाजू खाली बसली. पुढचे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवले, त्यानं पुढची बाजू खाली आली. गाडी दोन बोटं ठेंगणी झाली आणि मला ती लगेच नात्यातली वाटायला लागली. फक्त स्टँड आखूड करायचा राहून गेला. उंच स्टँडवर ठेंगणी गाडी फारच ताठ उभी राहिली, एखाद्या अपमान झालेल्या मावशीसारखी, आणि पहिल्याच वाऱ्याला उलट्या अंगानं कलंडून आईच्या कपड्यांच्या दोरीत शिरली. आईची धुतलेली साडी हँडलमध्ये, परकर आरशावर. आम्ही दोघींनी मिळून ती उचलली तेव्हा आई कन्नडमध्ये काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. स्टँड कापून वेल्डिंग करून आणला. मग जाड तळाचे बूट घेतले. एवढं करून चवडे टेकायला लागले, पण टाचा मात्र अधांतरी.

ऑफिसातला एक पुणेकर सहकारी स्वतः रायडर. त्यानं कॅन्टीनमध्ये खुर्चीवर बसून प्रात्यक्षिक दिलं. ‘अगं, तू ना सिम्पली एका साइडला स्लाइड हो. वन फूट डाउन, दुसरा ब्रेकवर. बोथ फीटचं ऑब्सेशन सोड ना यार. सगळे शॉर्ट रायडर्स असंच करतात.’

‘आमच्या घरात एका पायाचं माप घेत नाहीत,’ मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही.

उरली सीट. सीटला हात लावायचा तर तो अप्पांनीच, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. एक तर कातड्यासारख्या त्या जाड रेक्झिनवर त्यांच्या जुन्या मशीनइतकी सरळ टीप दुसरं कोण घालणार, आणि दुसरं म्हणजे त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. न्यायाधीशानंच आरोपीचे कपडे शिवायचे, असा हा प्रकार. अण्णानं फोनवर हरकत घेतली. अप्पा म्हणाले, ‘मी माप घेतोय, बाजू नाही.’

त्यांनी आधी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि मांडीपासून टाचेपर्यंत टेप लावला. मग गाडीला लावला. मग पुन्हा मला. सीटचं कव्हर उसवलं, आतला फोम उघडा पडला, त्यावर खडूनं रेघ ओढली. पुढून बाजूंनाही खडू फिरवला, कारण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि तिथेच एक बोट उंची वाया जाते. पँट शिवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पात्यानं फोमच्या चकत्या निघायला लागल्या. मी बाजूला उभी राहून मोजदाद करत होते. दोन बोटं निघायला हवी होती.

एका बोटाशी अप्पा थांबले.

‘अजून,’ मी म्हटलं.

‘साकु.’ पुरे.

‘अप्पा, रेघ तिथे खाली आहे. तुम्हीच ओढलीय!’

अप्पांनी रेघेकडे पाहिलं, फोमकडे पाहिलं, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. वेळ फार लागला नाही.

‘एक थर राहू दे,’ ते म्हणाले. ‘कापलेलं परत जोडता येत नाही.’

मी डोक्याला हात लावला. चाळिशी उलटलेल्या बाईची सीट या माणसानं वाढत्या अंगाची शिवली! कव्हर मात्र असं सुरेख चढवलं की शोरूमवालेही चाट पडावेत. मी बसले. टाचा आणि जमीन यांच्यात जेमतेम एक बोट राहिलं. तेच ते बोट, अप्पांनी ठेवलेलं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी अप्पांशी फक्त हिंदीत बोलले.

त्या एका बोटाचं उत्तर मला किराणा दुकानात सापडलं.

आईनं तांदूळ आणायला सांगितलं होतं. सोना मसुरीची पंचवीस किलोची गोणी दुकानदारानं मागच्या सीटवर टाकली, दोरीनं आवळली, मी वर चढले आणि काहीतरी निराळंच वाटलं. खाली पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीवर! तांदळाच्या वजनानं मागची स्प्रिंग दबली होती. मी तिथेच, दुकानाच्या दारात, टाचा आपटून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, ‘एनु अक्का, काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, वजन बरोबर आहे.’

त्या दिवसापासून ती गोणी घरात उतरलीच नाही. मी ती घेऊन ऑफिसला जायला लागले. रिंग रोडवर माझ्याएवढा तोरा कुणाचा नसेल. सिग्नलला ऐटीत टाचा टेकून उभी, खालून तो खोल आवाज, पाठीमागे सोना मसुरी. पार्किंगमधल्या वॉचमननं आधी दोन दिवस सहन केलं आणि मग विचारलं की मॅडम ऑफिसात तांदूळ विकतात का. एकदा मारतहळ्ळीच्या पुलाखाली ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गोणीला बोट लावलं.

‘एनु मॅडम इदु?’ हे काय?

‘अक्की, सर.’ तांदूळ.

‘रोज?’

‘घरी माणसं खूप आहेत,’ मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं आणि जाऊ दिलं.

पण घरातल्या बाईपुढे ट्रॅफिक पोलीस परवडला. आईला तांदूळ हवा होता. मी गोणी आत आणत नाही म्हटल्यावर ती सुपलं घेऊन बाहेर यायची, गोणीचं तोंड सोडून स्वैपाकापुरता तांदूळ काढायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. तिला कारण कळलं होतं, आयांना कळतंच. पण तिनं त्यावरून एक अक्षर काढलं नाही, फक्त सुपलं भरभरून न्यायची. घरात भात शिजायचा आणि माझ्या टाचा वर जायच्या. चित्रान्न झालं की स्वल्प वर, पाहुणे आले की अजून वर. बिसीबेळे भाताच्या दिवशी मी पुन्हा चवड्यांवर आले. दुसरी गोणी आणावी तर आई म्हणाली, ‘आधी ही संपव. तांदळात किडे करायचेत का?’ आयुधपूजा तोंडावर आली तेव्हा गोणीत इतका तांदूळ होता की मागच्या सीटला त्याचा पत्ताही लागत नव्हता.

पूजेच्या सकाळी हॉलमध्ये पाटावर शिलाई मशीन, कात्र्या, इस्त्री, टेपची गुंडाळी, खडूचा तुकडासुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू आणि शेवंती. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, कुणी कशाला हात लावायचा नाही. बाहेर गाडी धुऊन पुसून उभी, हँडलला केळीची पानं, हार मात्र अजून ताटातच. अण्णा वेळेआधी आला. कारमधून नाही, रिक्षानं. आणि काखेत हेल्मेट.

‘हे कशाला?’ मी विचारलं.

‘परत जाताना लागेल ना,’ तो गोड हसून म्हणाला.

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळ्यात कुंकू भरून तो अप्पांनी रस्त्यावर फोडला, मी लिंबांवरून गाडी पुढे घेतली. मग अण्णानं त्याचा हुकमी पत्ता काढला.

‘फाटकात काय, कुणीही उभं राहील. गाडी बसते की नाही ते चढावर कळतं. अप्पांना मागे घे आणि वरच्या सिग्नलला थांबून दाखव. दोन्ही टाचा. मी तिथे उभा राहून बघतो.’

आमचं हनुमंतनगर म्हणजे नुसते चढउतार. वरच्या सिग्नलला थांबायचं म्हणजे भल्याभल्यांची गाडी मागे घरंगळते, त्यात मागे माणूस. मी तोंड पाडलं. ‘अण्णा, असं काय रे,’ असंही म्हटलं. आतून मला उकळ्या फुटत होत्या. अप्पा सडपातळ असले तरी दोन गोण्यांहून जड होते. माझं उरलेलं बोट अण्णा स्वतःच्या हातानं मला देत होता!

अप्पा पूजेचं सोवळं सोडून इस्त्रीची पँट घालून आले. पायात सणाच्या नव्या चामडी चपला. डोक्याला काय, असा प्रश्न आला तेव्हा मी अण्णाच्या काखेतलं हेल्मेट काढून अप्पांच्या डोक्यावर ठेवलं. अण्णा चालत पुढे गेला आणि सिग्नलशी उजव्या बाजूला, दुभाजकावर जाऊन उभा राहिला.

अप्पा मागे बसले. स्प्रिंग दबली. माझ्या टाचा अलगद खाली आल्या. ‘डाव्या अंगानं घे,’ अप्पा कानाशी म्हणाले, ‘फुटपाथला लागून.’ एवढंच.

चढ चढले. सिग्नल लाल झाला. पुढचा ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली सोडले. उजवी टाच पक्की टेकली. डावी टेकली आणि सटकली. सगळ्या गल्लीनं कोहळे फोडले होते ना. कुणीतरी सिग्नलच्या तोंडाशीच फोडलेल्या कोहळ्याचा लाल लगदा, त्यात माझा जाड तळाचा बूट. दोनशे किलोची गाडी आणि तिच्यावर माझे वडील, डावीकडे कलायला लागले. मी गुडघ्यानं, मांडीनं, दातांनी तोल धरला. गाडी जातच होती. मला तेव्हा गाडीचं काही वाटलं नाही. अप्पा पडतील, एवढंच मनात आलं, आणि मी पहिल्यांदा खरंच घाबरले.

आणि गाडी थांबली. कलायची थांबली, हळूच सरळ झाली. मी बूट लगद्यातून ओढून कोरड्या जागी टाच रोवली. दोन्ही टाचा! दुभाजकावरून अण्णा वाकून बघत होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले आणि मी वळसा घेऊन अप्पांना घेऊन घरी आले. येताना मोठ्यानं हसत होते. इतकी ताकद माझ्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

फाटकात अप्पा उतरले. आई हार घेऊन आली आणि अप्पांच्या पायांकडे बघत उभी राहिली.

‘अय्यो! एक चप्पल कुठंय हो?’

उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा.

‘पडली असेल,’ अप्पा म्हणाले. हेल्मेटच्या आतून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

तेवढ्यात अण्णा धापा टाकत पोचला. त्यानं डाव्या पायाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डावीकडचा फुटपाथ त्याला दुभाजकावरून दिसला नव्हता, तो त्याला आता दिसायला लागला. मलाही.

‘अप्पा! तुम्ही फुटपाथवर पाय टेकलात!’

‘माझा पाय आहे,’ अप्पा म्हणाले. ‘कुठंही टेकीन.’

‘मग तोल तुम्ही सावरलात, हिनं नाही. हे चालणार नाही.’

अण्णाचं म्हणणं खरं होतं, हेच वाईट होतं. माझ्या तोंडावरचं हसू गेलं. अप्पा पायरीवर बसले, हेल्मेट तसंच डोक्यावर. ज्या माणसानं जन्मात कुणाचं माप अर्धं सूतही खोटं सांगितलं नाही, तो माझ्यासाठी भर सणाच्या दिवशी लबाडी करून बसला होता. मला त्यांची इतकी माया आली आणि स्वतःचा इतका संताप आला की दोन्हीतलं आधी काय करावं कळेना.

‘नवी चप्पल होती,’ आई मध्येच म्हणाली. ‘कुणी उचलायच्या आत आणा जाऊन.’

‘मी आणतो,’ म्हणत अण्णानं किल्लीकडे हात केला. किल्ली गाडीलाच होती आणि मी गाडीच्या जास्त जवळ होते.

‘एकटी?’ तो ओरडला. ‘थांबशील कशी?’

मला माहीत नव्हतं. मागे तांदूळ नव्हता, अप्पा नव्हते. चढ चढताना मागची बाजू हलकी उडत होती आणि सिग्नल, अर्थातच, लाल होता. चप्पल दिसली. फुटपाथच्या काठावर, सरळ, तळ खाली, सिग्नलकडे तोंड करून होती.

मी गाडी तिच्याजवळ नेली, अगदी फुटपाथला घासून. गिअर काढला आणि सीटवर डावीकडे सरकले. उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि डावा, अप्पांनी टेकला होता तिथेच, काठावर टेकवला. अख्खा पाय. टाच, चवडा, सगळा. आणि गुडघा वाकला. या गाडीवर माझा गुडघा तोवर कधी वाकलाच नव्हता. कॅन्टीनमधला तो पुणेकर आठवला आणि त्याला काही सांगायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं. वाकून चप्पल उचलली आणि जाकिटात पोटाशी खोचली. सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं, आणि माझ्या खालून तो खोल आवाज येत होता. मग निघाले.

घरी सगळे होते तिथेच होते. मी चप्पल काढून अप्पांच्या पायाशी ठेवली.

‘थांबलीस?’ अण्णानं विचारलं.

‘थांबले.’

‘दोन्ही टाचा?’

‘एकच पाय,’ मी म्हटलं. ‘पण मागे कुणी नव्हतं.’

अण्णा अप्पांकडे बघायला लागला. अप्पांनी डावा पाय चपलेत सरकवला, सावकाश डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि अण्णाच्या हातात दिलं.

‘हे तुला बसतं,’ ते म्हणाले. ‘हे तुझं.’

आईनं हार माझ्या गाडीला घातला. अण्णा हेल्मेट काखेत मारून रिक्षा शोधायला गेला, पण जेवून गेला. पायसाच्या दोन वाट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी हत्यारं पूजेतून उठवली. दसऱ्याला हत्यारानं पहिलं काम करायचं ते शुभ, असं आमच्याकडे मानतात, आणि दरवर्षी अप्पा तेव्हा कुठल्यातरी नव्या कापडाला पहिली कात्री लावतात. या वेळी ते पातं आणि खडू घेऊन बाहेर आले, गाडीपाशी उभे राहिले आणि सीटवर हात फिरवला.

‘सीट काढ गं, पुट्टी,’ ते म्हणाले. ‘तो राहिलेला थर कापून टाकतो. तू काही आता वाढायची नाहीस.’

लहानपणापासून मला हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आता त्यांनी ते म्हटलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी किल्ली खिशात टाकली.

‘राहू दे, अप्पा,’ मी म्हटलं. ‘वाढतं अंग आहे.’

अप्पांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग खडू कानामागे खोचला आणि आत गेले.